जास्वंदीला फुलं का येत नाहीत?

नर्सरीतून आणली तेव्हा जास्वंद कळ्यांनी लगडलेली होती. महिनाभर तळहाताएवढी फुलं आली. मग पानं पिवळी पडू लागली, कळ्या उमलण्याआधीच गळायला लागल्या, फांद्या नुसत्या उंच, किडमिडीत वाढल्या आणि शेंड्यांवर पांढरा कापूस दिसू लागला. बहुतेक घरांतली गोष्ट इथवर सारखीच असते. पुढे कुणी झाड फेकून देतं, कुणी ‘आमच्या हाताला झाडं लागत नाहीत’ असं ठरवून टाकतं. हात चांगलेच असतात. या झाडाची फुलण्याची रीत काय आहे, एवढं मात्र आधी समजून घ्यावं लागतं.

जास्वंदीची कळी पानाच्या बेचक्यातून येते, आणि तीही फांदीच्या नव्या, कोवळ्या भागावर. एका बेचक्यातून साधारणपणे एकच कळी. ती फुलून गळाली की त्या जागेवर पुन्हा कळी येत नाही. शेंडा पुढे सरकतो, नवं पान येतं, त्याच्या बेचक्यात पुढची कळी धरते. आंब्याला वर्षातून एकदा मोहोर येतो तसा जास्वंदीचा ठरावीक हंगाम नसतो. फांदी वाढत राहिली तर फुलं येत राहतात, वाढ थांबली की फुलं थांबतात. म्हणून ‘फुलांसाठी काय घालू?’ हा प्रश्न थोडा बदलून ‘हिची वाढ कशामुळे अडली आहे?’ असा विचारायला हवा. ऊन, पाणी, माती, खत, छाटणी, कीड या सगळ्यांकडे मी त्याच प्रश्नातून पाहते.

आधी झाडाच्या कुळाबद्दल थोडं. भेंडी, कापूस आणि अंबाडी हे जास्वंदीचे सख्खे नातेवाईक. भेंडीचं फूल शेजारी धरलं तर पाच पाकळ्या आणि मधोमध पुंकेसरांची जुळलेली नळी पाहून नातं लगेच पटतं. लिनियसने १७५३ साली तिला ‘चीनचा गुलाब’ अशा अर्थाचं शास्त्रीय नाव दिलं, पण चीनच्या रानात ती आढळत नाही. खरं तर ती कुठल्याच रानात आपोआप उगवलेली सापडत नाही. अलीकडच्या अभ्यासांत तिचं मूळ प्रशांत महासागरातल्या बेटांवरच्या दोन जातींच्या संकरात शोधलं गेलं आहे. माणसांनी होड्यांतून फांद्या नेल्या आणि तशीच ती आशियाभर पसरली. पुढे मॉरिशसमध्ये आणि नंतर हवाई बेटांवर स्थानिक जातींशी तिचे संकर झाले. त्यातून पिवळ्या, केशरी, जांभळट, दुरंगी फुलांच्या हजारो जाती तयार झाल्या. फाटक्या पाकळ्यांची, झुंबरासारखी उलटी लटकणारी जास्वंद मात्र पूर्व आफ्रिकेतली वेगळी जात आहे.

आपल्या अंगणातल्या गावठी लाल जास्वंदीला बी सहसा धरतच नाही. तिचं प्रत्येक रोपटं म्हणजे कुणाच्या तरी झाडाची फांदी असते. आजीच्या परड्यातली जास्वंद आणि तुमच्या गॅलरीतली जास्वंद, फांदी तिथूनच आणली असेल तर, एकच झाड आहे. उलट, नव्या संकरित जातींचं बी पेरलं तर आईसारखं फूल येण्याची शाश्वती नसते. ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या ‘शंभर रंगांच्या जास्वंदीच्या बियां’वर पैसे घालवू नका.

आता खरेदी. बाजारात ढोबळ दोन प्रकार मिळतात. एक गावठी : लाल, गुलाबी, पांढरी, एकेरी किंवा दुहेरी, मोठी होणारी आणि काटक. दुसरा कुंडीतला, बुटका आणि कळ्यांनी भरलेला. दुसऱ्या प्रकारातली बरीच रोपं बुटकी दिसतात ती वाढनिरोधक संजीवकं दिल्यामुळे. घरी आणल्यावर काही महिन्यांत त्यांचा परिणाम ओसरतो आणि रोप एकदम उंच होऊ लागतं. घाबरून जाऊ नका, ती त्याची खरी चण आहे. त्या वेळी छाटणी सुरू करायची.

रोप घेताना कळ्या मोजू नका. पान उलटून पाहा, शेंड्याच्या घड्या उघडून पाहा, पांढरे ठिपके किंवा मुंग्या दिसल्या तर ते रोप तिथेच ठेवा. कलमी असेल तर कलमाच्या सांध्याखालून फूट आली आहे का तेही बघा. अशी खालची फूट नेहमी मुळापासून काढून टाकायची, नाहीतर ती वरच्या कलमाचं सगळं अन्न खाते आणि एक दिवस ‘पिवळ्या जास्वंदीला लाल फुलं लागली’ अशी तक्रार येते.

घरी आणल्यावर आठ-दहा दिवस रोपाला तसंच उजेडात, पण कडक उन्हापासून बाजूला ठेवा. मग मुळांभोवती काय आहे ते पाहा. पुण्याकडच्या हरितगृहांतली रोपं बहुधा निव्वळ कोकोपीटमध्ये असतात. ते वरून कोरडं आणि आतून ओलं राहतं, किंवा एकदा पार सुकलं की पाणी धरतच नाही. आंध्रातल्या कडियमहून येणारी रोपं चिकट मातीच्या घट्ट गोळ्यात असतात. तो गोळा तसाच भुसभुशीत मातीत लावला तर पाणी बाजूने निघून जातं आणि गोळा आत कोरडा राहतो. कोकोपीट बोटांनी हलकेच मोकळं करावं. चिकट गोळा पाण्याच्या बादलीत थोडा वेळ ठेवून कडेची माती विरघळू द्यावी, मुळं ओरबाडू नयेत. ही कामं थंडीत किंवा ऐन मे महिन्यात करू नका. जून-जुलै किंवा फेब्रुवारीअखेर उत्तम.

कुंडी किमान बारा इंची, खाली मोठी भोकं असलेली. मातीबाबत कोकणातले वाचक नशीबवान आहेत. जांभ्या दगडाची तांबडी माती किंचित आम्ल आणि निचऱ्याची असते, जास्वंदीला तेच हवं असतं. म्हणून तिथे कुंपणाला खोचलेली फांदीसुद्धा काही न करता माणसापेक्षा उंच होते. देशावरची काळी माती कुंडीत घट्ट बसते आणि तिच्यात बहुधा चुना जास्त असतो. ती नुसती वापरू नये. एक भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग जाडसर रेती व कोकोपीट मिळून, एवढं मिश्रण पुरेसं आहे. मूठभर निंबोळी पेंड घातली तर आणखी चांगलं.

ऊन पाच-सहा तास हवंच. उत्तरेकडच्या गॅलरीत जास्वंद जगते, पानं हिरवीगार राहतात, फुलं मात्र येत नाहीत. तिथे खतांवर खर्च न करता दुसरं झाड लावावं असं माझं स्पष्ट मत आहे. विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मे महिन्यांत मोठ्या फुलांच्या संकरित जातींना दुपारच्या उन्हात ५० टक्क्यांची शेडनेट लागते. गावठी जास्वंद मुळांशी ओल असेल तर तेही ऊन सोसते.

पाण्याचा नियम रोजचा किंवा एक दिवसाआडचा असा नसतो. मातीत बोट खुपसून पाहायचं, वरचा इंचभर थर कोरडा असेल तर खालून पाणी निघेपर्यंत घालायचं. उन्हाळ्यात गच्चीवर दोन वेळाही लागेल, पावसाळ्यात आठवडाभर लागणारही नाही. पावसाळ्यात कुंड्यांखालच्या थाळ्या काढून ठेवा. माती ओली असूनही पानं माना टाकत असतील तर झाडाला तहान लागलेली नाही, मुळं कुजू लागली आहेत. अशा वेळी आणखी पाणी दिलं तर झाड हमखास जातं.

खतावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत. ‘फुलांसाठी फॉस्फरस’ हे वाक्य इतकं रूढ झालं आहे की लोक जास्वंदीला बोनमील, सुपर फॉस्फेट आणि डीएपी मुठीने घालतात. जास्वंदीला फॉस्फरस फार थोडा लागतो. तो मातीत साठत गेला की झाडाला लोह घेता येत नाही. मग नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असं चित्र दिसतं. पिवळी पानं पाहून माणूस आणखी खत घालतो आणि दुखणं वाढतं. तिला खरी भूक आहे ती नत्र आणि पालाश यांची : वाढीसाठी नत्र, कळ्यांसाठी आणि काटकपणासाठी पालाश.

कृषी सेवा केंद्रात १३:०:४५ हे विद्राव्य खत मिळतं, द्राक्ष आणि डाळिंब बागायतदार ते नेहमी वापरतात. लिटरभर पाण्यात एक ग्रॅम मिसळून दर दहा-पंधरा दिवसांनी द्यावं. दोन वेळा हे दिलं की तिसऱ्या वेळी १९:१९:१९ त्याच प्रमाणात. जोडीला महिन्यातून एकदा दोन मुठी गांडूळखत. माती कोरडी असताना खताचं पाणी कधीही घालू नका, मुळं भाजतात. रासायनिक खत नको असेल तर शेणखत, गांडूळखत आणि निंबोळी पेंड यांवरही झाड चांगलं चालतं. फुलं थोडी कमी येतील इतकंच.

केळीच्या आणि कांद्याच्या सालींचं पाणी घातल्याने नुकसान नाही, पण त्यात झाडाचं पोट भरेल एवढं काही नसतं. त्या साली कंपोस्टमध्ये घालणं जास्त फायद्याचं. चुलीच्या राखेत पालाश असतो, पण ती माती अल्कधर्मी करते. कोकणात चिमूटभर चालेल, देशावरच्या चुनखडीच्या मातीत किंवा बोअरच्या जड पाण्यावर वाढणाऱ्या झाडांना ती टाळावी.

पिवळं पान कुठलं आहे, हे नीट पाहिलं की बरंच निदान होतं. शेंड्याकडची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या : लोह कमी पडतं आहे. चिलेटेड लोह किंवा सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मिश्रण पाकिटावरच्या प्रमाणात पानांवर फवारावं, चुनखडीच्या मातीत घालण्यापेक्षा फवारणी लवकर लागू पडते. खालची जुनी पानं शिरांमधून पिवळी : मॅग्नेशियम हवं आहे. एप्सम सॉल्ट लिटरला दोन-तीन ग्रॅम, महिन्यातून एकदा. ऋतू बदलताना जुनी दोन-चार पानं पिवळी होऊन गळतात, त्याची काळजी करण्याचं कारण नाही.

छाटणीला लोक घाबरतात. फूल नव्या फुटीवरच येतं हे एकदा मनावर ठसलं की ही भीती जावी. थंडी सरली की, म्हणजे फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या सुरुवातीला, मुख्य छाटणी करावी. वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि आत वळलेल्या फांद्या आधी काढायच्या. मग उरलेल्या फांद्या साधारण एक तृतीयांशाने आखूड करायच्या. धारदार कात्रीने, बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या थोडं वर तिरपा काप घ्यायचा. सगळं झाड एकदम उघडं करवत नसेल तर आज तीनपैकी एका भागाच्या फांद्या छाटा, बाकीच्या तीन-चार आठवड्यांच्या अंतराने. त्यामुळे फुलंही पार बंद होत नाहीत. छाटल्यावर प्रत्येक फांदीला दोन-तीन फुटवे येतात, आणि जितके शेंडे तितक्या कळ्या. अशक्त, पानं गळालेल्या झाडाला मात्र आधी सावरू द्यावं आणि मगच कात्री लावावी.

छाटणीनंतर भरपूर फुलं यायला दोन ते तीन महिने लागतात. हा हिशेब गणपतीसाठी उपयोगी पडतो. भाद्रपद ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरमध्ये येतो, त्यामुळे मेच्या शेवटी किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यात हलके शेंडे खुडले की गणेशोत्सवात झाड ऐन भरात असतं. जुलैत मात्र कात्री आवरा.

आता पिठ्या ढेकूण. जास्वंद आणि हा किडा यांची जोडी जगभर आहे. त्यातली गुलाबी जात जास्वंदीच्याच नावाने ओळखली जाते, आणि तीच आपल्या द्राक्षबागांनाही छळते. वरून कापसाचे पुंजके दिसतात, त्याखाली किडे रस शोषत असतात. त्यांच्या लाळेमुळे शेंडे आखडतात, पानं चुरगळून एकत्र गोळा होतात आणि वाढ तिथेच खुंटते. असा आखडलेला शेंडा पुन्हा सरळ होत नाही. तो कापायचा आणि लगेच साबणाच्या पाण्यात बुडवायचा. खाली टाकून दिला तर किडे चालत परत येतात.

त्यानंतर मुंग्यांकडे वळा. किड्यांच्या अंगातून निघणाऱ्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्यांची राखण करतात आणि त्यांना खाणाऱ्या मित्रकीटकांना हुसकावून लावतात. कुंडीला टेकणारी भिंत, वेल, दोरी दूर करा, कुंडी पाण्याच्या थाळीत ठेवलेल्या विटेवर ठेवा. मुंग्यांची वाट तुटली की निम्मं काम झालं. थाळीतलं पाणी आठवड्याला बदलायला विसरू नका, नाहीतर डास होतील.

मग पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालून आणि बेचक्यांत मारा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लिटरभर पाण्यात पाच मिली निमतेल आणि दोन मिली पातळ साबण चांगलं घुसळून फवारा. आधी एका फांदीवर मारून दोन दिवस पाहा. दर पाच-सात दिवसांनी असं तीन वेळा करा, कारण कापसात दडलेल्या अंड्यांवर पहिल्या फवारणीचा परिणाम होत नाही. व्हर्टिसिलियम लेकॅनी ही किडींवर वाढणारी बुरशी पावसाळी दमट हवेत चांगलं काम करते. ती लिटरला पाच ग्रॅम, संध्याकाळी.

एक गोष्ट मात्र नीट पाहा. पिठ्या ढेकणांच्या गर्दीत कधी कधी त्यांच्यासारखाच पांढऱ्या झालरीचा, पण बराच मोठा आणि भराभर चालणारा किडा दिसतो. ती क्रिप्टोलिमस नावाच्या ढालकिड्याची अळी असते. तिचं अन्नच पिठ्या ढेकूण आहे. भारतात हा ढालकिडा १८९८ साली मुद्दाम आणला गेला आणि आजही बागांमध्ये सोडण्यासाठी प्रयोगशाळांत वाढवला जातो. ती दिसली की फवारणी थांबवा आणि तिला काम करू द्या.

आंतरप्रवाही कीटकनाशकं जास्वंदीवर मारू नयेत असं मी कळकळीने सांगते. ही फुलं देवाला वाहिली जातात, तेलात उकळली जातात, मुलं त्यांच्या देठाकडचा मध चोखतात, आणि रोज सकाळी शिंजीर पक्षी त्यांच्यात चोच घालतो. झाडाच्या रसात भिनलेलं विष या सगळ्यांपर्यंत पोहोचू शकतं. मॅलाथिऑनने तर जास्वंदीची पानंच गळतात.

कळ्या गळण्याची कारणं अनेक आहेत. पाण्याची ओढ बसणं, एकदम उकाडा किंवा थंडी पडणं, झाडाची जागा बदलणं, फुलकिडे. दुहेरी फुलांच्या जातींत हे जास्त होतं, त्यांची कळी जड असते आणि उमलायला वेळ घेते. गळालेली पिवळी कळी ब्लेडने उभी चिरून पाहा. आत बारीक पांढुरक्या अळ्या दिसल्या तर कळीत अंडी घालणाऱ्या माशीचा तो उपद्रव आहे. ही अळी कळीबरोबर खाली येते आणि मातीत कोष करते. म्हणून गळालेल्या आणि पिवळ्या पडू लागलेल्या सगळ्या कळ्या रोज वेचून पिशवीत बंद करून टाकायच्या. कुंडीत राहू द्यायच्या नाहीत, कंपोस्टमध्येही घालायच्या नाहीत. काही आठवडे हे नेमाने केलं तर उपद्रव आटोक्यात येतो. अळ्या नसतील तर पाणी आणि जागा यांकडे पाहा.

फूल बहुतेक जातींत एकच दिवसाचं असतं, काही संकरित जातींत दोन-तीन दिवसांचं. पण कळी पुरती भरली की तिला झाडावर असण्याची गरज उरत नाही. दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी लांब, टोकदार आणि रंग दाखवणारी असते. ती आदल्या संध्याकाळी तोडून पाण्याविना ठेवली तरी सकाळी उमलते. पहाटे पूजेची घाई असणाऱ्यांनी हेच करावं. आणि बाजारात ‘जास्वंदीचा चहा’ म्हणून जे गर्द लाल, आंबट पेय मिळतं ते लाल अंबाडीच्या बोंडांभोवतालच्या मांसल दलांचं असतं. नर्सरीतून नुकत्याच आणलेल्या, फवारलेल्या रोपाच्या फुलांचा चहा करून पिऊ नका.

थंड देशांत राहणाऱ्या वाचकांसाठी थोडंसं : तापमान दहा अंशांच्या खाली जाऊ लागलं की कुंडी घरात, सगळ्यात उजेडाच्या खिडकीशी आणा. पानं गळतील. नखाने साल खरवडून आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे, पाणी कमी करा आणि वसंताची वाट पाहा. तिथे बागेत बर्फातही टिकणारी म्हणून मिळते ती जास्वंदीची दुसरी, पानझडी जात आहे.

शेवटी फांद्यांबद्दल. गावोगावच्या जुन्या परड्यांत, देवळांच्या आवारांत आणि कुंपणांवर गावठी जास्वंदीचे किती तरी प्रकार अजून आहेत : फिकट गुलाबी एकेरी, गेंदेदार लाल, लाल डोळ्याची पांढरी. कुंपणं जाऊन सिमेंटच्या भिंती येताहेत आणि त्यांच्याबरोबर ही झाडं तुटताहेत. बी धरत नसल्यामुळे शेवटची फांदी गेली की तो प्रकार संपतो. तो वाचवायला खर्च काहीच नाही. पहिला चांगला पाऊस झाल्यावर पेन्सिलीएवढ्या जाडीची, अर्धवट पक्व झालेली सहा इंचांची फांदी विचारून घ्या. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली घ्या, वरची दोन पानं अर्धी कापून ठेवा, बाकीची काढा. रेती आणि कोकोपीटच्या ओलसर मिश्रणात दोन डोळे बुडतील इतकी खोचा आणि सावलीत ठेवा. चार ते सहा आठवड्यांत मुळं धरतात. एक नाही, चार फांद्या लावा, आणि जगतील त्यांतली दोन रोपं शेजाऱ्यांना द्या.